चार तासांचे अंतर

दिल्लीत यमुनेच्या पूर्व तीरावर मयूर विहार नावाची वस्ती आहे. गेली काही वर्षे माझे वास्तव्य तेथे आहे. वस्तीच्या एका अंगाने नोएडाकडे जाणारा रस्ता गेला आहे, तर उत्तरेच्या अंगाने लखनौकडे जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग. त्याचा क्रमांक पूर्वी २४ होता, आता ९ आहे. पण आमच्याकडचे रिक्षावाले अजून चोवीसच म्हणतात. २०१८ साली हा रस्ता रुंद करून मेरठच्या द्रुतगती मार्गाला जोडण्यात आला. वस्तीला लागूनच पटपडगंज आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी याच परिसरात शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि लॉर्ड लेकचे सैन्य यांची गाठ पडली आणि मराठ्यांच्या हातून दिल्ली गेली, हे मराठी माणसाला सांगावयास नको. सांगण्याचा हेतू एवढाच, की या भूमीवरून मोठमोठी संकटे रस्त्यानेच येत-जात आली आहेत.

आज त्या रस्त्याने रात्री जी वाहने धावतात, त्यांत लांबोळ्या लोखंडी पिंपासारखे टँकर पुष्कळ असतात. कोणात पेट्रोल, कोणात स्वयंपाकाचा गॅस, कोणात आम्ल. पाठीमागे एक चौकोनी पाटी असते, तिच्यावर काही आकडे आणि अक्षरे असतात. सामान्य माणूस ती वाचीत नाही आणि वाचली तरी त्याला त्यांतून बोध होत नाही. त्या पाटीचा, किंबहुना ती पाटी जिच्यामुळे महत्त्वाची ठरते त्या जबाबदारीचा इतिहास आज मला सांगावयाचा आहे. आणि तो दिल्लीत नव्हे, तर आपल्या सातारा जिल्ह्यात सुरू होतो.

खंबाटकीचा घाट ओलांडून साताऱ्याकडे निघाले, की पुणे-बंगळूर रस्त्यावर उसाची शेते आणि लहान लहान गावे लागतात. त्यांतलेच एक कवठे. २९ ऑक्टोबर १९८७ रोजी पहाटे तीनच्या सुमारास या गावाजवळ दोन वाहनांची टक्कर झाली. एक पुण्याच्या बाजूने दक्षिणेकडे निघालेला पेट्रोलचा टँकर होता, दुसरा दक्षिणेकडून पुण्याला कांदा घेऊन येणारा ट्रक. टक्कर झाली तेव्हा स्फोट झाला नाही, आग लागली नाही. टँकर तेवढा रस्ता सोडून सुमारे वीस फुटांवर डाव्या कुशीवर कलंडला. जमीन उतरती होती. टँकरमधून पेट्रोल पाझरू लागले आणि जवळपास साचू लागले.

पुढे काय झाले, याचे उत्तर एका वाक्यात देता येते, आणि म्हणूनच ते भयंकर आहे: पुढे चार तास काहीच झाले नाही. अंधार सरला, उजाडले, गावे जागी झाली. अपघाताची वार्ता आजूबाजूला पसरली. माणसे पाहावयास आली. काहींच्या हातांत डबे, बादल्या होत्या. सकाळी सव्वासातच्या सुमारास टँकरचा स्फोट झाला आणि भोवतालच्या जमावाला आगीने वेढले. शेहेचाळीस माणसे मेली. टकरीने नव्हे; टकरीनंतर चार तासांनी.

या चार तासांत त्या उतारावर काय चालले होते, ते पेट्रोलचा स्वभाव जाणणाऱ्यालाच दिसू शकते. आपण पेट्रोलला द्रव समजतो. पण जळतो तो द्रव नव्हे, त्याची वाफ. ही वाफ शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपास थंडी असतानाही पेट घेण्याइतकी सुटते. तेव्हा आपल्या आश्विन-कार्तिकातल्या पहाटेची काय कथा! हवेच्या तुलनेत ती तीन ते चार पट जड असते. साहजिकच ती धुराप्रमाणे वर जात नाही, तर पाण्याप्रमाणे उताराने वाहते, खड्ड्यात, चरात, बांधाच्या आडोशाला साचून राहते. शंभर भाग हवेत तिचे दीड ते साडेसात भाग मिसळले, की मिश्रण स्फोटक होते. त्याहून कमी असेल तर पेटत नाही आणि त्याहून जास्त असेल तरीही पेटत नाही. म्हणून काठोकाठ भरलेल्या टाकीपेक्षा अर्धवट रिकामी झालेली टाकी अधिक घातक असते. पाझरून टँकर रिता होत चालला, याचा अर्थ धोका ओसरत चालला असा कोणीही करील. वस्तुतः तो वाढत असतो. शिवाय ठिणगी टँकरजवळच पडावी लागते असेही नाही. दूर कोणी विडी शिलगावली, मोटारसायकल सुरू केली, पत्र्यावर पत्रा घासला, तरी ज्वाला वाफेच्या वाटेने मागे धावत मुळाशी येऊन पोचते.

कवठ्याजवळ जमलेल्या माणसांना हे ठाऊक नव्हते, यात नवल नाही. ज्यांना ठाऊक असावयास हवे होते त्यांनी चार तासांत काय केले, हा खरा प्रश्न होता. तो प्रश्न पुढे न्यायालयात गेला आणि तेथे तो तब्बल तेवीस वर्षे राहिला.

मृतांत एका विधवेचा म्हणा, सधवेचा म्हणा, कोणा आईचा मुलगा होता. तिचे नाव कायद्याच्या ग्रंथांत छापलेले आहे; येथे ते घेण्याचे कारण नाही. तिने साताऱ्याच्या मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे मागणी केली ती अवघ्या पंधरा हजार रुपयांची. ही रक्कम तिने मनाने ठरविलेली नव्हती. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानुसार पूर्वी भरपाई हवी असेल तर चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागे. घरातला कर्ता गेलेल्या कुटुंबाने साक्षीदार कोठून आणावेत? विधी आयोगाने हा अन्याय दाखवून दिला होता, आणि अखेर १९८२ साली कायद्यात ९२-अ हे कलम घालण्यात आले. वाहनाच्या वापरातून उद्भवलेल्या अपघातात माणूस मेला, तर चूक कोणाची हे न विचारता पंधरा हजार रुपये तात्काळ द्यावेत, असा त्याचा आशय. रक्कम लहान होती, परंतु तत्त्व मोठे होते.

सर्व वाद मग ‘वाहनाच्या वापरातून उद्भवलेला’ या तीन-चार शब्दांभोवती फिरू लागला. मालकाच्या व विमा कंपनीच्या बाजूने असे मांडण्यात आले, की टँकर कलंडून पडला होता, तो चालत नव्हता, म्हणजे त्याचा वापर संपला होता. टक्कर ही एक घटना, स्फोट ही दुसरी. मधे चार तासांचे अंतर आहे. आणि लोक तेथे जमले होते ते पेट्रोल न्यावयास. त्यांनी आपल्या हाताने आपला मृत्यू ओढवून घेतला. न्यायाधिकरणाने ही बाजू मान्य केली आणि आईचा अर्ज फेटाळला.

मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. प्रतिपक्ष सर्वोच्च न्यायालयात गेला. आमच्या मयूर विहारहून मेट्रोत बसले, तर यमुना ओलांडल्यावर लगेच, चौथ्या स्थानकाचे नाव ‘सुप्रीम कोर्ट’ आहे. मी त्या स्थानकावरून अनेकदा गेलो आहे. पण कवठ्याची हकीकत वाचल्यापासून ते नाव पुकारले गेले, की मला सातारा जिल्ह्यातला तो उतार आठवतो. १७ जुलै १९९१ रोजी त्या न्यायालयाने निकाल दिला तो आईच्या बाजूने. न्यायमूर्तींचे म्हणणे थोडक्यात असे, की ‘वापर’ म्हणजे केवळ चाके फिरणे नव्हे. बिघडून वा अपघात होऊन वाहन रस्त्याच्या कडेला स्थिर पडले असले, तरी त्याचा वापर चालूच असतो. ‘मुळे घडलेला’ आणि ‘मधून उद्भवलेला’ या दोन शब्दप्रयोगांत फरक आहे. दुसरा अधिक व्यापक आहे, आणि कायदेमंडळाने जाणूनबुजून तोच योजला आहे. टँकरमध्ये अत्यंत ज्वालाग्राही पदार्थ होता, तो उतारावर कलंडला होता, त्यातून पेट्रोल बाहेर येत होते. अशा स्थितीत टक्कर आणि स्फोट या एकाच साखळीच्या कड्या होत. मधे चार तास गेले म्हणून ती साखळी तुटत नाही.

वकिलांच्या जगात हा निकाल शब्दार्थाचा निकाल म्हणून प्रसिद्ध आहे. माझ्या मते त्याचे महत्त्व निराळे आहे. चार तासांचा काळ हा मालकाची सुटका करणारा काळ, असे एका पक्षाचे म्हणणे होते. न्यायालयाने ते नाकारल्याबरोबर त्या चार तासांचा अर्थ उलटा झाला. तो काळ म्हणजे सुटका नव्हे, तर संधी होती: माणसे दूर ठेवण्याची, दोर बांधण्याची, वाहतूक थांबविण्याची, अग्निशामक दलास बोलावण्याची संधी. जो धोकादायक माल रस्त्यावर आणतो, त्याची जबाबदारी माल सांडल्यावर संपत नाही. ती तेथून सुरू होते.

हा विचार एकाएकी उपजला नव्हता. त्याआधी पाच वर्षे याच न्यायालयात दिल्लीचेच एक प्रकरण आले होते. भोपाळच्या वायुकांडाला नुकतेच एक वर्ष पुरे झाले होते, तोच ४ डिसेंबर १९८५ रोजी दिल्लीतील श्रीराम उद्योगसमूहाच्या कारखान्यातून ओलियम नावाच्या तीव्र गंधकाम्लाची वाफ सुटली आणि शहरात हाहाकार उडाला. त्या प्रकरणात २० डिसेंबर १९८६ रोजी सरन्यायाधीश भगवती यांच्या पीठाने असे ठरविले, की घातक धंदा करणाऱ्यावर त्यापासून होणाऱ्या हानीची पूर्ण व निरपवाद जबाबदारी राहील. इंग्लंडमधील १८६८ सालच्या जुन्या निर्णयातील पळवाटा त्याला मिळणार नाहीत. कारखान्याला चार भिंती तरी असतात. टँकर हा चाकांवरचा कारखानाच, फक्त त्याला कुंपण नाही आणि तो रोज नव्या गावाच्या शेजारी असतो. १९९१ साली संसदेने सार्वजनिक दायित्व विम्याचा कायदा केला, त्यात घातक पदार्थ ‘हाताळणे’ या शब्दाच्या व्याख्येत वाहनाने केलेली वाहतूकही घालण्यात आली, ती योग्यच होती.

आता त्या डबे-बादल्यांकडे वळले पाहिजे, कारण त्यांना टाळून ही हकीकत सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. सांडलेले पेट्रोल गोळा करणारा माणूस चोर म्हणावा काय? शहरात बसून तसे म्हणणे सोपे आहे. परंतु जगाकडे पाहिले, तर हे दृश्य कवठ्यापुरते नाही. २५ जून २०१७ रोजी, ईद तोंडावर आलेली असता, पाकिस्तानात बहावलपूर जिल्ह्यात अहमदपूर शर्कियाजवळ तेलाचा टँकर उलटला. आजूबाजूच्या खेड्यांतून माणसे भांडी घेऊन धावली, आणि आग लागून दोनशेहून अधिक मृत्युमुखी पडली. १० ऑगस्ट २०१९ रोजी टांझानियातील मोरोगोरो येथे तसेच घडले. तेथे शंभराच्या आसपास माणसे गेली. देश निराळा, धर्म निराळा, भाषा निराळी; भांडी मात्र तीच. जेथे इंधन महाग आणि माणूस गरीब, तेथे जमिनीत जिरणारे इंधन फुकट जाताना पाहवत नाही. उसाची मोळी वाहताना दोन कांडी रस्त्यावर पडली तर पोर उचलतेच. त्याला आपण चोर म्हणत नाही. पेट्रोल म्हणजे उसाचे कांडे नव्हे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते, एवढाच फरक.

आणि जमलेल्यांत सर्वांच्या हातांत डबे होते असेही समजण्याचे कारण नाही. अपघात झाला की पाहावयास जाणे, कोणी अडकले असेल तर हात देणे, हा आपल्या खेड्यांचा स्वभावच आहे. ज्या शेजारधर्माचे आपण एरवी गोडवे गातो, तोच त्या सकाळी जीवघेणा ठरला.

कधीकधी संकट इतका अवधीही देत नाही. ११ जुलै १९७८ रोजी स्पेनच्या समुद्रकाठी लॉस अल्फाकेस नावाच्या तंबूंच्या विश्रामस्थळाशेजारी प्रोपिलीन वायूने भरलेला टँकर फुटला. टाकीत क्षमतेपेक्षा अधिक माल भरला होता. सुट्टीवर आलेली दोनशेहून अधिक माणसे काही क्षणांत होरपळली. तेथे दोर बांधावयास वेळ कोठला? १३ जून २०२३ रोजी पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर खंडाळ्याजवळ टँकर पेटला, तेव्हा जळता द्रव पुलावरून खालच्या रस्त्यावर सांडला आणि खालून जाणाऱ्यांचाही बळी गेला. चार जण मेले. ज्यांनी तो टँकर डोळ्यांनी पाहिलाही नसेल, अशांच्या अंगावर तो कोसळला. २० डिसेंबर २०२४ च्या पहाटे जयपूर-अजमेर महामार्गावर भांक्रोटा येथे गॅसच्या टँकरला ट्रकची धडक बसली, वायूचा लोट रस्त्यावर पसरला आणि मागेपुढे उभी असलेली कितीतरी वाहने प्रवाशांसह पेटली. अशा प्रसंगी जे काही करावयाचे ते आधीच करून ठेवावे लागते: टाकीच्या बांधणीत, तिच्या तोट्यांच्या संरक्षणात, वळणाच्या आखणीत, चालकाच्या शिक्षणात.

आणि पाटीत. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने घातक मालाच्या वाहतुकीविषयी पहिल्या शिफारशी प्रसिद्ध केल्या त्या १९५६ साली. त्यांतूनच प्रत्येक घातक पदार्थाला चार आकडी क्रमांक देण्याची पद्धत रूढ झाली. पेट्रोलचा क्रमांक १२०३, क्लोरीनचा १०१७, अमोनियाचा १००५, गंधकाम्लाचा १८३०. पुढे सत्तरच्या दशकात लंडनच्या अग्निशामक दलाने, धावपळीत पुस्तक उघडावे लागू नये म्हणून, एक आकडा आणि एकदोन अक्षरे यांची संकेतपद्धती तयार केली. आकड्यावरून आग कशाने विझवावी ते कळते. पहिल्या अक्षरावरून सांडलेला माल अडवावा की पाण्याने वाहून घालवावा हे कळते. पेट्रोलच्या टँकरवर तीनचा आकडा, त्यापुढे वाय आणि ई ही इंग्रजी अक्षरे असतात. तीन म्हणजे फेस वापरा. वाय म्हणजे माल गटारात जाऊ देऊ नका. आणि ई म्हणजे माणसे दूर न्या.

आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी ही पाटी सक्तीची केली. तिच्यावर माल पाठविणाराचा दूरध्वनीही असावा लागतो. त्याच नियमांनी माल पाठविणारा, वाहनमालक आणि चालक या तिघांचीही कर्तव्ये निरनिराळी सांगितली. चालकाने विशेष शिक्षण घेतलेले असावे, त्याला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी, अपघात होताच त्याने जवळच्या पोलीस ठाण्यास आणि मालकास कळवावे, असे त्यांत आहे. कवठ्याच्या वेळी हे नियम नव्हते. असते तर काय झाले असते, हा प्रश्न कोणालाही पडेल. पाटी असती, तर त्या पहाटेच्या अंधारात ती वाचणारा कोण होता? आकडे अग्निशामक दलासाठी आहेत, आणि दल येईपर्यंत घटनास्थळी असतात ती शेजारची माणसे. त्यांच्यासाठी, त्यांच्या भाषेत, त्या पाटीवर फारसे काही नाही. हे मला नियमांतले मोठे उणे वाटते.

दिल्लीनेही याचा अनुभव घेतला आहे. ६ मे २०१७ रोजी सकाळी तुघलकाबादच्या मालआगारात, चीनहून आलेल्या आणि हरियाणाकडे निघालेल्या एका कंटेनरमधून कीटकनाशके बनविण्यासाठी लागणारे रसायन गळले. कुंपणापलीकडे मुलींची शाळा होती. शेकडो मुलींचे डोळे चुरचुरू लागले, श्वास कोंडला, त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. सुदैवाने कवठ्यासारखा अनर्थ झाला नाही. परंतु शाळेतल्या बाईंना त्या कंटेनरमध्ये काय आहे हे कळण्याची काही सोय होती काय?

असो. कवठ्याच्या आईचा पंधरा हजारांचा दावा १९९१ साली निकालात निघाला. पण ती होती तातडीची, तूर्तातूर्त भरपाई. पूर्ण भरपाईचे दावे पुन्हा खालपासून सुरू झाले, पुन्हा फेटाळले गेले, पुन्हा उच्च न्यायालयाने मान्य केले आणि पुन्हा सर्वोच्च न्यायालयात पोचले. १९९१ चा निकाल केवळ तातडीच्या रकमेपुरता होता, असे या वेळी विमा कंपनीचे म्हणणे होते. २०११ साली न्यायालयाने तेही अमान्य केले आणि साखळीचे तत्त्व कायम राखले. टक्कर आणि स्फोट यांत अंतर होते चार तासांचे. स्फोट आणि शेवटचा शब्द यांत अंतर पडले तेवीस वर्षांचे. ज्या घरांतली मुले तेव्हा पाळण्यात होती, त्यांची लग्ने होऊन गेली असतील.

कायदा मधल्या काळात बदलत गेला. पंधरा हजारांचे १९८८ च्या नव्या कायद्याने पंचवीस हजार झाले, १९९४ साली पन्नास हजार झाले. २०१९ च्या दुरुस्तीने ते जुने प्रकरणच वगळले आणि चूक सिद्ध न करता मिळणारी भरपाई मृत्यूसाठी पाच लाखांवर नेली.

काल रात्री नेहमीप्रमाणे जेवणानंतर फिरावयास निघालो. रस्त्याच्या कडेला एक टँकर उभा होता; चालक चाकांचे नट तपासीत होता. मी मुद्दाम मागे जाऊन पाटी पाहिली. धुळीने आकडे निम्मे झाकले होते. १२ दिसत होते, पुढचे दिसत नव्हते. मी चालकाला विचारले, “भैया, इसमें क्या है?” त्याने मान वर न करता उत्तर दिले, “तेल है बाबूजी, दूर से निकलिए.” आणि मग उठून, हातातल्या फडक्याने, त्याने ती पाटी पुसली.